पांदण ओलांडली की हिशेब बदलतो

पत्र : नमस्कार. मी भद्रावती तालुक्यातला शेतकरी. मोहर्ली रस्त्याला साडेसहा एकर वावर आहे. ताडोब्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार खोल्यांचा होमस्टे काढला. मंगळवारी पार्क बंद असतं, बाकीच्या दिवशीही दोन सफारींच्या मधल्या वेळात पाहुणे कंटाळतात. म्हणून दोन जुन्या एटीव्ही (कच्च्या वाटेवरच्या, फुगीर टायरच्या चारचाकी हँडलगाड्या) घेतल्या आणि वावरात मातीचा ट्रॅक केला. पंधरा मिनिटांचे चारशे रुपये घेतो. पुतण्या सगळं पाहतो. वावराचे दोन तुकडे आहेत, मधून पांदण जाते, ट्रॅक दोन्हीकडे आहे. पाहुण्यांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहून सही घेतो. मागच्या महिन्यात एका पाहुण्याचा बारा वर्षांचा पोरगा धुऱ्यावर (बांधावर) गाडी चढवून उलटला. खरचटण्यावर निभावलं. त्याच्या वडिलांनी विचारलं, “इन्शुरन्स आहे ना?” मी हो म्हणालो. नाही आहे. एजंट म्हणतो, “काऊन घाबरता जी, पासिंगच नाही तं इमा कायचा? आपल्या वावरातच तं फिरवता!” संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून पाहुण्यांना इरई धरणाचं पाणी दाखवायला नेतो. ट्रॅक्टरचा विमा भरलेला आहे. लेकाने थार घेतली आहे, तो नागपूरच्या पोरांसोबत नाल्यांत ऑफ-रोडिंगला जातो. आम्ही कोणकोणता विमा घ्यावा?
— एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर :

भाऊ, तुमचा एजंट म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात तुमचं वावर जाऊ शकतं.

बरोबर अर्धं आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १४६ सांगतं की सार्वजनिक जागी गाडी वापरायची तर किमान थर्ड पार्टी विमा हवाच. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायला खास बनवलेलं वाहन कायद्याच्या व्याख्येतून बाहेर ठेवलं आहे. तुमच्या एटीव्ही कंपनीने ‘ऑफ-रोड’ म्हणून विकल्या, आरटीओ त्यांची नोंदणी करत नाही, त्यामुळे एजंटाला त्या याच खान्यात बसतात असं वाटतं.

पण हा खाना त्याला वाटतो तेवढा मोठा नाही. तुमच्याच भागातल्या कोळसा खाणींत चालतात तसल्या डंपरचं उदाहरण घ्या. ‘आमचे डंपर खाणीतच फिरतात, ती रस्त्याची वाहनंच नव्हेत’ असं एका खाण कंपनीने म्हटलं होतं. कराच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली सांगितलं की रबरी टायरवर चालणारे हे डंपर रस्त्यावर चालण्याजोगी वाहनंच आहेत. पासिंग नाही म्हणजे ते मोटार वाहन नाही, असा सरळ हिशेब कोर्टात लागत नाही. आणि एटीव्ही म्हणजे काही डंपर नव्हे. ती तर पांदणीवरून सहज पळते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ मला उलटलेल्या गाडीची वाटली नाही. ‘मधून पांदण जाते’ ही वाटली. दोन्ही बाजूंचं वावर तुमचं असलं तरी पांदण गावाची आहे. तिच्यावरून बैलबंड्या जातात, शाळेची पोरं जातात, दुसऱ्याचं ढोर जातं. पाहुणा ट्रॅकच्या या तुकड्यातून त्या तुकड्यात गेला, तेवढी पाचपन्नास फूट तो सार्वजनिक जागेवर बिनविम्याची गाडी चालवत असतो. पकडलात तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा पाहून हसू येईल. पण त्या पन्नास फुटांत एखाद्या सायकलवाल्याला धडक बसली, तर मोटार अपघात न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती तुमच्या खिशातून जाते, आणि खिसा पुरला नाही की सातबाऱ्याकडे बोट जातं.

तुम्ही म्हणाल, मग ट्रॅक एकाच तुकड्यात ठेवतो. ठेवाच, आणि आजपासून ठेवा. पण तेवढ्याने एजंट बरोबर ठरत नाही. ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे काय यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८०च्या दशकातच विचार केला आहे. जागा खाजगी मालकीची असली तरी लोकांना तिथे प्रवेश असेल, मग तो मोकळा असो की कुणी नियंत्रित केलेला असो, तर विम्याच्या कायद्यासाठी ती सार्वजनिक जागा धरता येते, असा तो निकाल आहे. तुम्ही तर पाटी लावून, चारशे रुपये घेऊन लोकांना आत बोलावता. ‘माझं वावर’ हा बचाव घरच्या माणसापुरता आहे.

याच कारणासाठी आणखी एका गोष्टीत फसू नका. वाहन फक्त मालकाच्या आवारातच वापरायचं असेल तर कंपन्या तशी मर्यादित मोटार पॉलिसी देऊ शकतात. मोटार विम्याच्या जुन्या टॅरिफमधलं, म्हणजे दर-नियमांच्या पुस्तकातलं, आयएमटी १३ हे कलम तिला जोडतात. हप्ता कमी पडतो, म्हणून कुणीतरी ते सुचवेलच. त्या कलमाची भाषा अशी आहे की ‘आवार’ म्हणजे जिथे लोकांना सर्वसाधारण प्रवेशाचा हक्क नाही अशी जागा, आणि आवाराबाहेर गाडी गेली की कंपनी जबाबदार नाही; अपवाद फक्त आग विझवायला जाण्याचा. पाहुण्यांना भाड्याने गाडी देणाऱ्याने हे कलम घेणं म्हणजे हप्ता भरून कंपनीच्या हाती नकाराचं कारण देणं. गिरणीच्या आवारात फिरणाऱ्या गाडीला ते ठीक आहे.

आता गाभ्याकडे येतो, कारण इथे चांगले शिकलेले लोकही चुकतात. समजा, एखाद्या कंपनीने तुमच्या एटीव्हीला पूर्ण मोटार पॉलिसी दिली, तरी उलटलेल्या त्या पोराला तिच्यातून काय मिळालं असतं? बहुतेक काही नाही. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. मालकाकडून गाडी मागून घेऊन जो स्वतः चालवतो तो मालकाच्या जागी उभा राहतो, तो तिसरा माणूस ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली उसन्या मोटरसायकलच्या एका प्रकरणात हे मांडलं आणि पुढेही तेच धरलं. सफारीच्या जिप्सीत चालक तुमचा आणि पाहुणा मागे बसलेला असतो. एटीव्हीत हँडल पाहुण्याच्या हातात आहे. तुमचा धंदाच असा आहे की ज्याचं हाड मोडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तोच माणूस मोटार विम्याच्या बाहेर राहतो.

म्हणून तुम्हाला आधी हवी ती पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, आणि तिच्या जोडीला पाहुण्यांचा वैयक्तिक अपघात विमा. दोन्हींचं काम वेगळं आहे. तुमच्या चुकीमुळे पाहुण्याला इजा झाली आणि त्याने दावा लावला, तर कोर्टाने ठरवलेली रक्कम आणि वकिलाचा खर्च मर्यादेपर्यंत लायबिलिटी पॉलिसी उचलते. अपघात विम्यात चूक कुणाची हा प्रश्नच नसतो. मृत्यू किंवा अपंगत्व आलं की ठरलेली रक्कम मिळते, आणि वैद्यकीय खर्चाची जोड घेतली तर प्लास्टर-एक्सरेही त्यात निघतात. माझा अनुभव असा की दुसरा विमा असला की पहिल्यापर्यंत जायची वेळ कमी येते. पोराच्या हाताचं बिल त्याच आठवड्यात भरलं गेलं तर बाप कोर्टात जात नाही.

पब्लिक लायबिलिटी मागताना नाव नीट सांगा. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट हा भोपाळच्या वायुकांडानंतर आलेला, धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांसाठीचा कायदा आहे. त्याची पॉलिसी तुमच्या काही उपयोगाची नाही. तुम्हाला हवी ती औद्योगिक नसलेल्या जोखमीची, हॉटेल-रिसॉर्ट घेतात ती. तिच्यावर दोन आकडे असतात, एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती. ट्रॉली उलटावी तसं एकाच वेळी पाच-सहा जणांना लागलं तर पहिला आकडा उपयोगी पडतो, म्हणून घासाघीस करायची तर वर्षाच्या आकड्यावर करा.

आणि या पॉलिसीत एक भोक आहे. कायद्याने सक्तीचा विमा लागणाऱ्या मोटार वाहनामुळे झालेली इजा यातून वगळलेली असते, कारण ते काम मोटार पॉलिसीचं. म्हणजे दाव्याच्या वेळी मोटार विभाग म्हणेल ‘ही आमची गाडी नाही’ आणि लायबिलिटी विभाग म्हणेल ‘ही तर मोटार आहे’, आणि तुम्ही दोन टेबलांच्या मधल्या बाकावर. याला एकच उपाय : एटीव्ही राइड हा उपक्रम, गाड्यांचे चेसिस नंबर आणि ट्रॅकचा गट नंबर पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये किंवा जोडकलमात छापून घ्या. एजंटाचा फोनवरचा होकार चालणार नाही; शाखेला ईमेल करा, उत्तर लेखी घ्या. शाखा नाही म्हणाली तर तोही फायदाच, हप्ता वाया गेला नाही. साहसी पर्यटनाचं काम करणारे ब्रोकर असतात, त्यांच्याकडे जा. तोवर एटीव्ही गोठ्यात झाकून ठेवा. हंगाम बुडेल हे मला कळतं, तरीही.

प्रस्ताव अर्जात मागच्या घटनांचा प्रश्न असेल. तिथे उलटलेल्या पोराची गोष्ट लिहा. खरचटलंच होतं, कंपनी त्याने पळून जाणार नाही. लपवलेलं पुढे सापडलं तर मात्र सगळीच पॉलिसी वादात येते. आणि पाहुण्याला विमा आहे म्हणून सांगणं तर बंदच करा. उद्या ग्राहक आयोगात तेच वाक्य तुमच्याविरुद्ध पहिलं वाचलं जाईल.

‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या कागदाबद्दल तुम्हाला फार भरवसा वाटतोय असं दिसतं. सही घेत राहा, पण तिचा उपयोग वेगळा आहे. पाहुण्याला धोके सांगितले होते, हेल्मेट दिलं होतं, त्याने दारू प्यायली नसल्याचं लिहून दिलं होतं, एवढं तिने सिद्ध होतं. तुमचा निष्काळजीपणा तिने माफ होत नाही. पैसे घेऊन सेवा दिली की सेवेतल्या त्रुटीचा दावा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली येतो. बारा वर्षांच्या पोराच्या सहीला तर अर्थच नाही. बापाची सही असली तरी पोराचा हक्क त्याने विकत नाही.

त्या पोराला गाडी दिलीच का, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या एटीव्हीच्या टाकीवर किंवा मडगार्डवर एक इशाऱ्याचं स्टिकर असेल. खरडलेलं असलं तरी वाचा. चालवणाऱ्याचं किमान वय, मागे माणूस बसवायचा की नाही, पक्क्या रस्त्यावर न्यायची की नाही, हे सगळं त्यावर असतं. बऱ्याच एटीव्ही एकट्या माणसासाठी असतात. सीट लांब दिसते ती चालवणाऱ्याने वळणावर अंग पुढे-मागे सरकवावं म्हणून. तुम्ही तिथे नवरा-बायको बसवलेत तर तुमची चूक सिद्ध करायला साक्षीदार लागत नाही, स्टिकर पुरतं. बुटकी, फुगीर टायरची ही गाडी दिसायला बैठी म्हशीसारखी स्थिर वाटते, पण तिची रुंदी कमी आणि भार वर असतो, त्यामुळे धुऱ्यावर तिरकी चढली की चालवणाऱ्याच्या अंगावर येते. ट्रॅकमधले धुरे सपाट करा. बहुतेक एटीव्हींच्या थ्रॉटलला वेग आवळायचा स्क्रू असतो, पुतण्याला तो आवळायला लावा. रोज सकाळी ब्रेक-टायर पाहिल्याची वही ठेवा, तारीख-सहीसकट. दाव्यात ही वही सहीच्या कागदापेक्षा जास्त बोलते.

पाहुण्यांना एक सांगू शकता, आणि ते खरं आहे. आरोग्य विम्यातलं साहसी खेळांचं प्रमाणित अपवाद-कलम व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. सुट्टीत हौसेने राइड घेणाऱ्याचा दवाखान्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या मेडिक्लेममधून केवळ त्या कलमाखाली नाकारता येत नाही. वैयक्तिक अपघात पॉलिसीची कलमं मात्र कंपनीगणिक वेगळी, म्हणून तुम्ही जी घ्याल तिच्यात एटीव्ही वगळलेली नाही ना, हे पाहून घ्या.

गाड्यांच्या स्वतःच्या नुकसानीचं दोन ओळींत सांगतो, कारण जुन्या एटीव्हीची किंमत हा तुमचा खरा धोका नाही. होमस्टेच्या आगीच्या पॉलिसीत वाहनं सहसा मुद्दाम लिहिल्याशिवाय धरत नाहीत. लिहून घ्या, खरेदीची पावती जपा. पुतण्याला पगार देत असाल तर त्याच्यासाठी कामगार भरपाईची पॉलिसी वेगळी लागते. पाहुण्यांच्या विम्यात तो नाही. घरचाच आहे म्हणून लोक हे टाळतात, आणि घरच्याच माणसाला लागलं की दोन भावांत बोलणं बंद होतं.

२०२१ साली राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्याखाली अशा उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तुम्हाला त्यांचं नागपूरचं कार्यालय. प्रशिक्षित माणूस, प्रथमोपचार, सुरक्षेची साधनं हे सगळं ते पाहतात. विमा कंपनीलाही हेच कागद हवे असतात, म्हणून दोन्ही कामं एकत्र धरा. वावर ताडोब्याच्या बफर पट्ट्याला लागून असेल तर वन विभागालाही आधी विचारा. एटीव्हीचा आवाज त्यांच्या कानावर तुमच्याआधी गेलेला असेल.

आता ट्रॅक्टर. ही ट्रॉलीची फेरी मला एटीव्हीपेक्षा जास्त भयंकर वाटते, कारण तुम्हाला तिच्यात काहीच चुकीचं दिसत नाही. आपल्याकडे पोळ्यापासून लग्नापर्यंत सगळं गाव ट्रॉलीत बसतं, खरंय. पण पॉलिसी काढा आणि वापराच्या मर्यादेची ओळ वाचा. तिथे शेतीकाम लिहिलेलं असेल. ट्रॉलीचा नंबर वेगळा दाखवलेला आहे का, तेही पाहा. अनेकदा तो नसतोच. पैसे घेऊन माणसं नेणं हे शेतीकाम नाही आणि ट्रॉली माणसं बसवायची गाडी नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर २००७ साली असाच एक मजूर होता. ट्रॅक्टरचा विमा शेतीचा, ट्रॉली वीटभट्टीच्या मातीला लावलेली, त्यात तो बसलेला. न्यायालयाने म्हटलं, कंपनी जबाबदार नाही. मजुराची गरिबी पाहून आपल्या विशेष अधिकारात कंपनीला आधी पैसे द्यायला सांगितलं, आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. तुमचे पुण्या-मुंबईचे पाहुणे गरीब मजूर नाहीत. ती दयाही त्यांना मिळेल असं धरू नका. मिळाली तरी शेवटी वसुली तुमच्याकडूनच.

यावर कुठलीही जोडपॉलिसी सुचवणार नाही. फेरी बंद करा. इरईचं पाणी दाखवायचं तर टुरिस्ट परवान्याची गाडी भाड्याने सांगा, तिच्या पॉलिसीत प्रवासी धरलेले असतात. किंवा बैलबंडी जुंपा. ती मोटार वाहन नाही, लायबिलिटी पॉलिसीत उपक्रम म्हणून लिहून घेता येते, आणि शहरातल्या माणसाला ट्रॅक्टरपेक्षा तीच जास्त आवडते. बैल मात्र गरीब निवडा, शंकरपटाच्या शर्यतीचे नकोत.

शेवटी लेकाची थार. मित्रांसोबत हौसेने खडकाळ रस्त्याने जाणं खाजगी वापरातच मोडतं, त्यासाठी पॉलिसी रद्द होत नाही. प्रवेश फी, वेळ मोजणं, नंबर काढणं असं काही आलं की ती स्पर्धा झाली; शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) खाजगी गाडीच्या पॉलिसीत वगळलेल्या असतात, आणि ट्रायलसाठी विमा कंपनीकडून वेगळं जोडकलम घ्यावं लागतं. तुमच्या पाहुण्यांना त्याने थारमधून पैसे घेऊन फिरवलं तरी तीच गत, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याला चालत नाही. विंच, उंच सस्पेन्शन, मोठे टायर त्याने लावले असतील तर कंपनीला कळवलेलं नसलेलं सामान भरपाईत येत नाही. शिवाय आरसीवरच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगितलेलं आहे, त्यामुळे मोठ्या बदलाने अख्खा दावाच अडू शकतो.

पावसाळ्यात आपल्या नाल्यांचं पाणी पाहता त्याला इंजिन प्रोटेक्टची जोड घ्यायला लावा. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत इंजिनमध्ये पाणी शिरून झालेलं नुकसान कंपन्या परिणामी नुकसान म्हणून नाकारतात. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, एकदाही नाही. फोटो काढायचे, कंपनीच्या नंबरवर कळवायचं आणि टोचन लावून गॅरेजला न्यायची. पाणी ओढलेल्या इंजिनला सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्वेयर इंजिन उघडल्यावर आधी तोच पाहतो, आणि जोड घेतलेली असली तरी वाद तिथूनच सुरू होतो.